चाई किती तीव्र? निफाड तालुक्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत ही मुलगी नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या दवाखान्यात आली, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर ‘चाई, सौम्य’ असा शेरा होता. चाई म्हणजे डोक्यावरचे केस चकत्या-चकत्यांनी गळण्याचा आजार. निदान अचूक होतं. मोजमाप केलं तर सौम्यही खोटं ठरत नव्हतं. पण त्या शेऱ्यावर विसंबून पुढचे सहा महिने काढले असते तर उपचार, शाळा आणि घर या तिन्ही ठिकाणी गडबड झाली असती. लहान मुलांच्या चाईची तीव्रता ठरवताना काय मोजायचं आणि ते कुठल्या दिवशी मोजायचं, हे या प्रकरणात नीट दिसतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

सुरुवात

मुलगी चौथीत. घरी द्राक्षबाग. गणपतीच्या आसपास वेणी घालताना आईच्या बोटाला उजव्या कानामागे गुळगुळीत जागा लागली. खाज नाही, कोंडा नाही, दुखणं नाही. आजींनी बघताक्षणी चाई ओळखली आणि गुंज उगाळून लावायला सुरुवात केली. मग लसूण चोळला, त्याने कातडी भाजल्यासारखी लाल झाली. गुंजेचं बी विषारी असतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा हात डोक्यावरून तोंडात जायला वेळ लागत नाही. आजींना तेवढंच सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. मधल्या काळात कुणीतरी नायट्याचं मलम दिलं होतं, तेही लावून झालं. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत आईवडिलांना नाशिकला यायला फुरसत नव्हती. तोवर दुसऱ्या कानामागेही जागा झाली आणि दोन्ही जागा मानेवरून एकमेकींकडे सरकू लागल्या.

आईला थायरॉईडची गोळी चालू आहे. मुलीला तान्हेपणी गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत इसब होता. या दोन गोष्टी विचारल्यावर कळल्या, आपणहून कुणी सांगितल्या नाहीत. त्या पुढे कामी आल्या.

तपासणी

मुलांच्या डोक्यावर चकती दिसली की आधी तीन शक्यता बाजूला काढाव्या लागतात. डोक्यातल्या नायट्यात खपल्या असतात, केस तुटके असतात, बऱ्याचदा कानामागे गाठी लागतात. शंका असेल तर खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साईडची, म्हणजे बुरशी शोधणारी, तपासणी करायची. स्वतःचे केस उपटण्याच्या सवयीत एकाच जागी कमी-जास्त लांबीचे केस उभे असतात, साफ गुळगुळीत जागा सहसा नसते. घट्ट वेण्यांच्या ओढीने जातात ते केस कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेने जातात. या मुलीत यातलं काही नव्हतं. ट्रायकोस्कोपखाली, म्हणजे केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, कडेला उद्गारचिन्हासारखे केस दिसले, म्हणजे टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते. शिवाय काळे ठिपके आणि पिवळे ठिपके. उद्गारचिन्हं आणि काळे ठिपके म्हणजे आजार या घडीला चालू आहे.

आजार कसा चालतो ते घरच्यांना थोडक्यात सांगितलं. केसाचं मूळ एरवी रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेआड असतं. चाईत ही आड निघून जाते, रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी वाढत्या केसाच्या मुळाभोवती गोळा होतात आणि केस गळतो. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतो. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं वाक्य वडिलांनी पुन्हा म्हणायला लावलं. का, ते पुढे येईलच.

केस ओढून पाहण्याची चाचणी साधी आहे. पन्नास-साठ केस चिमटीत धरायचे, मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढायचे, दहा टक्क्यांहून जास्त हातात आले तर सकारात्मक. चकतीच्या कडेला केस सुटणं अपेक्षितच असतं. या मुलीच्या टाळूवर, जिथे वरून जवळजवळ सगळं ठीक दिसत होतं, तिथेही दोन ठिकाणी केस सुटून आले.

भुवया आईने काजळाच्या पेन्सिलने भरल्या होत्या. ओल्या कापसाने पुसल्यावर डाव्या भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा रिकामा निघाला. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, आठ बोटांच्या. मुलांना तपासताना भुवया पुसून आणि नेलपॉलिश काढूनच बघावं, दिवाळीत तर नक्कीच.

आकडा कसा निघतो

डोक्यावरची गळती मोजायला जगभर सॉल्ट (सिव्हिअरिटी ऑफ अलोपेशिया टूल) नावाची पद्धत वापरतात. ओल्सेन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांपासून ती रूढ झाली. डोक्याचे चार भाग धरतात. टाळू, म्हणजे वरचा भाग, सगळ्या डोक्याच्या ४० टक्के. मागचा भाग २४ टक्के. डावी आणि उजवी बाजू प्रत्येकी १८ टक्के. प्रत्येक भागात किती टक्के केस गेले याचा अंदाज घ्यायचा, तो त्या भागाच्या हिश्शाने गुणायचा आणि चारही गुणाकारांची बेरीज करायची. शून्य म्हणजे गळती नाही, शंभर म्हणजे डोक्यावर एकही केस नाही.

पहिल्या भेटीतला हिशेब असा: टाळूवर ५ टक्के गळती, त्याचे २.० गुण. मागे ३५ टक्के, ८.४ गुण. डावीकडे २० टक्के, ३.६. उजवीकडे १५ टक्के, २.७. एकूण १६.७.

आता या हिशेबातली मेख बघा. टाळूचे दहा टक्के केस गेले तर चार गुण मिळतात, कानावरचे दहा टक्के गेले तर दोनही मिळत नाहीत. क्षेत्रफळ मोजायचं तर हे रास्तच आहे. पण या मुलीच्या केसगळतीचा आकार पट्ट्यासारखा होता, मानेवरून दोन्ही कानांच्या वर जाणारा. या प्रकाराला ओफियासिस म्हणतात. हा पट्टा उपचारांना दाद द्यायला फार वेळ लावतो, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव आहे आणि पुस्तकंही तेच सांगतात. नेमका हाच पट्टा ज्या भागांतून जातो त्यांचा हिस्सा कमी. म्हणजे सगळ्यात हट्टी जागेला सगळ्यात कमी गुण. शिवाय लहान मुलांत मानेवरची केसांची हद्द मुळातच लव होत होत संपते, त्यामुळे डोकं कुठे संपलं आणि मान कुठे सुरू झाली यावरच दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही. मी दोन्ही कानांच्या पाळ्यांपासून मागे रेघ धरते आणि दर भेटीला तीच धरते. रेघ थोडी वरखाली असली तरी चालेल, पण ती बदलता कामा नये.

आणखी एक पथ्य. सॉल्टमध्ये जाड केसच मोजायचे. चकतीवर उगवलेली मऊ लव म्हणजे केस आले असं धरायचं नाही. केस पांढरा असेल पण जाड असेल तर तो मात्र मोजायचा. पालक लव बघून खूश होतात आणि पांढरे केस बघून घाबरतात, म्हणून हे दोन्ही आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सौम्यचा मध्यम झाला

सॉल्टचा आकडा आणि आजाराची तीव्रता या दोहोंत अंतर राहतं हे ओळखून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एक वेगळी श्रेणी सुचवली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. डोक्यावरची गळती २० टक्क्यांपर्यंत असेल तर सौम्य, २१ ते ४९ मध्यम, ५० आणि त्यापुढे तीव्र. मग पुढची पायरी: सौम्य किंवा मध्यम रुग्णात चारपैकी एक जरी गोष्ट असेल तर श्रेणी एकाने वाढवायची. मनावर आणि रोजच्या वागण्यावर लक्षणीय परिणाम, भुवया किंवा पापण्या उठून दिसण्याइतक्या गेलेल्या, निदान सहा महिने उपचार करूनही पुरेसा फरक नाही, किंवा डोक्यावर अनेक ठिकाणी केस ओढण्याची चाचणी सकारात्मक. ही श्रेणी खास मुलांसाठी बनवलेली नाही, पण मुलांतही मला ती उपयोगी वाटते.

या मुलीत भुवई आणि ओढण्याची चाचणी अशा दोन गोष्टी पहिल्याच दिवशी होत्या. कितीही गोष्टी जुळल्या तरी श्रेणी एकानेच वाढते. म्हणजे मध्यम.

नखांचे खड्डे, इसब, आईचा थायरॉईड, वयात येण्याआधीच झालेली सुरुवात आणि पट्ट्याचा आकार, या गोष्टी या श्रेणीत कुठेच बसत नाहीत. बसवूही नयेत. त्या आजार पुढे कसा वागेल याच्या खुणा आहेत, आज तो किती आहे याच्या नव्हेत. मी कागदावर दोन रकाने करते: आजची तीव्रता आणि पुढची शक्यता. या मुलीच्या पहिल्या रकान्यात मध्यम, दुसऱ्यात चांगलं लक्ष ठेवावं लागेल असं. पालकांशी बोलताना ही दोन्ही एकत्र केली की एक तर ते विनाकारण घाबरतात, नाही तर विनाकारण निश्चिंत होतात. दोन-चार चकत्या असलेल्या पुष्कळ मुलांचे केस वर्षभरात आपोआप येतात हे खरं आहे. ते सगळ्यांना सरसकट ऐकवणं मात्र बरोबर नाही.

सुट्टीतली प्रश्नावली

राहिला मनावरचा परिणाम. त्यासाठी मुलांची सीडीएलक्यूआय प्रश्नावली वापरतो, त्वचेच्या आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणारी. लुईस-जोन्स आणि फिनले यांनी ती १९९५ मध्ये मांडली, साधारण ४ ते १६ वयासाठी. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, कमाल तीस. प्रश्न मागच्या आठवड्याबद्दल असतात: खाज, संकोच, मैत्री, कपडे, बाहेर खेळणं, पोहणं, शाळा, चिडवणं, झोप, औषधाचा त्रास. उत्तरं मुलाने द्यायची, आईवडिलांनी वाचून दाखवायला मदत करायची.

पहिल्या भेटीत वडीलच उत्तरं देत होते. ‘तिला काही वाटत नाही हो डॉक्टर, मजेत असते.’ मी त्यांना बाहेर बसवलं, मुलीला खडू दिले आणि एकेक प्रश्न वाचला. तरीही आले चारच गुण. म्हणजे परिणाम किरकोळ.

गंमत अशी की प्रश्नावलीत एक प्रश्न मुळातच दोन तोंडांचा आहे: मागचा आठवडा शाळेचा होता की सुट्टीचा? शाळेचा असेल तर अभ्यासावर काय परिणाम झाला, सुट्टीचा असेल तर सुट्टीच्या मजेवर काय. मुलगी सुट्टीत होती. मळ्यात चुलत भावंडांबरोबर, रुमाल न बांधता, फटाके उडवत. तिथे तिला खरंच काही वाटत नव्हतं. वडील खोटं बोलत नव्हते आणि मुलगीही लपवत नव्हती. आम्हीच सुट्टीचा आठवडा मोजत होतो.

डिसेंबरमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा घेतली. गुण आले बारा. तोवर शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते आणि गॅदरिंग तोंडावर होतं. लावणीच्या नाचाला सगळ्या मुलींनी अंबाडा घालून गजरा माळायचा होता. दोन वेण्या मानेवर सैल सोडल्या की पट्टा झाकला जायचा. अंबाड्यात मान उघडी पडते. तिने नाचातून नाव काढून घेतलं, घरी मात्र ‘मला नाचच आवडत नाही’ असं सांगितलं. वर्गात एका मुलीने ‘हिच्या शेजारी बसू नका, चाई लागते’ म्हटल्यावर बाकावर ती एकटीच बसत होती. वडिलांनी पहिल्या दिवशी ते वाक्य परत म्हणायला का लावलं, याचा उलगडा तेव्हा झाला. गावातही हेच बोललं जात होतं.

श्रेणी या बारा गुणांनी बदलली नाही, ती आधीच वाढवली होती. बदलला तो उपचाराचा क्रम. शाळेसाठी एक पत्र लिहून दिलं: हा आजार संसर्गजन्य नाही, तिला वेण्यांऐवजी तिला हवी तशी केशरचना करू द्यावी, हवा असल्यास रुमाल बांधू द्यावा, खेळ आणि पोहणं सगळं करू द्यावं. बाईंनी ते पत्र वर्गात वाचून दाखवू नये, फक्त बाक बदलावा, अशी मुलीची अट होती. बाईंनी ती पाळली.

औषध आणि फसवा आकडा

उपचारांवर मी फार रेंगाळत नाही. मुलांत चकत्यांसाठी पहिलं पाऊल म्हणजे तीव्र स्टिरॉईड मलम. २ ते १६ वयोगटातल्या मुलांवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा सरस ठरलं. तिथे सहा आठवडे लावायचं आणि सहा आठवडे थांबायचं अशी पद्धत होती, आम्हीही तीच धरली. भुवईवर हे मलम नाही, डोळ्याजवळ ते धोक्याचं. तिथे सौम्य मलम दिलं. चकतीत इंजेक्शन या वयात आणि एवढ्या लांब पट्ट्यावर मी टाळते. आईचा थायरॉईड पाहता मुलीची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी केली, ती ठीक निघाली.

आजींचा नवस होता वणीच्या गडावर केस अर्पण करण्याचा. एकदा गोटा केला की दाट येतात, हा पक्का समज. गोटा केल्याने मुळाशी काही बदलत नाही हे सांगितलं, पण नवसाच्या आड मी येत नाही. मुलीलाच विचारलं. तिने मान हलवून साफ नाही म्हटलं. शेवटी आजींनी एक बट कापून देवीला वाहायचं ठरवलं.

फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी चालू असताना आई आणि आत्या तिला घेऊन आल्या. आई रडवेली. ‘औषधाने वाढलं की हो!’ टाळूवर भांगाशेजारीच नवी जागा झाली होती. वेण्यांनी झाकली न जाणारी. मोजलं: टाळूवर १५ टक्के, ६.० गुण. मागे २५ टक्के, ६.०. दोन्ही बाजूंना दहा-दहा टक्के, १.८ आणि १.८. एकूण १५.६.

म्हणजे कागदावर १६.७ वरून १५.६. कुणी नुसती फाईल वाचली असती तर ‘स्थिर, किंचित सुधारणा’ असं लिहिलं असतं. प्रत्यक्षात एकाच डोक्यावर दोन उलट गोष्टी चालल्या होत्या. मानेवरच्या आणि कानांवरच्या जुन्या जागा भरत होत्या, काही पांढऱ्या केसांनी, आणि टाळूवर नवा हल्ला सुरू होता. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून मी फक्त एकूण सॉल्ट लिहिण्याच्या विरोधात आहे. चारही भागांचे आकडे वेगवेगळे लिहावेत, सोबत वरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फोटो, दर वेळी त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून, केस कोरडे आणि विंचरलेले. आईला पहिल्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवून दाखवले तेव्हा मानेवरची भर तिने पहिल्यांदा पाहिली. रोज वेणी घालणाऱ्या हाताला ती जाणवलीच नव्हती.

तोंडाने स्टिरॉईड द्यावं का, हा प्रश्न या भेटीत उभा राहिला. दिलं नाही. वाढीच्या वयात त्याचे दुष्परिणाम आहेत, आणि थांबवल्यावर केस परत गळण्याची शक्यता मोठी. पण नाही म्हणताना हद्द आधी आखून ठेवली: सॉल्ट २५ च्या पुढे गेला, किंवा पुढच्या भेटीतही टाळूवर ओढण्याची चाचणी सकारात्मक राहिली, तर पुन्हा बोलायचं. हद्द आधी ठरलेली असली की पालकांच्या काकुळतीने आणि डॉक्टरच्या घाईने निर्णय होत नाहीत.

आत्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, गोळीने काही महिन्यांत डोकंभर केस आलेल्या मुलाचा. ही गोळी खरी आहे. जॅक गटातलं, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे संदेश अडवणाऱ्या औषधांपैकी, रिटलेसिटिनिब अमेरिकेत जून २०२३ मध्ये बारा वर्षं आणि त्यावरील रुग्णांच्या तीव्र चाईसाठी मंजूर झालं, आणि त्याच्या मुख्य चाचणीत निम्मं किंवा त्याहून जास्त डोकं रिकामं असलेलेच रुग्ण घेतले होते. त्याच गटातल्या बॅरिसिटिनिबला तिथे २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ती प्रौढांसाठी. आपली मुलगी नऊ वर्षांची आणि सॉल्ट १५.६. तीव्रता नीट मोजण्याचा एक उपयोग हाही आहे, की अशा वेळी ‘हे तिच्यासाठी नाही’ असं कारणासकट सांगता येतं. आत्यांना ते पटलं, आईला अर्धवट पटलं.

मे महिन्यापर्यंत

क्लोबेटासोलचं दुसरं आवर्तन टाळूवरच्या नव्या जागेसह दिलं. मे मध्ये टाळूवर ४ टक्के, मागे १५, दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्के. गुण १.६, ३.६, ०.९ आणि ०.९, एकूण ७.०. भुवई भरली. टाळूवर केस सुटत नाहीत. नखांचे खड्डे तसेच आहेत. मानेचा मधला भाग अजून रिकामा आहे, ट्रायकोस्कोपखाली तिथे पिवळे ठिपके आहेत पण उद्गारचिन्हं नाहीत.

सहा महिन्यांच्या उपचारानंतर फरक पुरेसा आहे की नाही, हा श्रेणीतला प्रश्न आता लागू होतो. सॉल्ट निम्म्याहून खाली आलं, म्हणून पुरेसा धरला. श्रेणी सौम्यवर आणली. दुसरा रकाना मात्र आहे तसाच ठेवला, कारण पट्टा, नखं आणि इसब यांतलं काहीच पुसलं गेलेलं नाही. मलम फक्त मानेच्या पट्ट्यावर, मधे खंड देत चालू आहे.

प्रश्नावली या वेळी मुद्दाम घेतली नाही. मे महिना, पुन्हा सुट्टी. पुढची भेट शाळा सुरू झाल्यानंतर पंधरा दिवसांनी ठेवली आहे, त्या दिवशी आधी प्रश्नावली आणि मग डोकं.